जहाजावरचं उष्टावण

आर. के. पुरम, नवी दिल्ली
५ जानेवारी २०२५

ती. स्व. कौशल्याआत्यास,
यतीनचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तुझ्या कानाचं मशीन शिट्टी वाजवतं, म्हणून सगळं पत्रातच लिहितो. बातमी मोठी आहे, बसून वाच. या महिन्याच्या अखेरीस मी, स्वरूपा आणि अनुष्का बाबागाडीसकट जहाजावर जाणार आहोत. माल वाहणारं नव्हे, क्रूझ म्हणतात ते. मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रात राहायचं आणि मुंबईलाच परत यायचं. मध्ये कुठेही उतरायचं नाही. सदनात माझ्याबरोबर रिसेप्शनवर विश्वनाथ असतो, तो म्हणाला की यार, कुठे पोचायचंच नसेल तर माणूस निघतो कशाला. त्याला मी कारण सांगितलं नाही. तुला सांगतो.

मुलीचं उष्टावण सातव्या महिन्यात आणि पहिला घास मामाच्या हातचा, असं तूच लिहिलं होतंस. अनुष्काला मामा एकच, स्वरूपाचा मोठा भाऊ सुधन्वा. तो त्याच जहाजाच्या बेकरीत पाव भाजतो. ऑगस्टपर्यंत त्याला सुट्टी नाही, आणि तोवर अनुष्का पोळी मागायला लागेल. स्वरूपाचे आईवडील दोघंही नाहीत हे तू जाणतेसच. तिचं माहेर म्हणजे तेवढा एक माणूस. बारशाला तिच्याकडचं कोणीच नव्हतं. पाहुणे जेवत असताना ती आतल्या खोलीत जाऊन धुतलेल्या कपड्यांच्या घड्या पुन्हा मोडून पुन्हा घालत बसली होती. मामाला येता येत नसेल तर भाचीने जावं, असं मीच म्हणालो. तिकिटं सुधन्वानेच काढून पाठवली. तेव्हापासून मला धड झोप नाही.

सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय जहाजावर बाळ घेत नाहीत. त्यांचे सहा पूर्ण झाले की तुझा सातवा सुरू होतो, म्हणजे ते जमलं. खोलीचा दरवाजा मात्र अरुंद असतो म्हणे. मी कंपनीला मेल करून रुंदी विचारली आणि बाबागाडी टेपने मोजली. जाईल, पण चाकाचा नट थोडा बाहेर आहे. घरी शिजवलेलं अन्न वर नेता येत नाही, तेव्हा खीर कुठून आणायची हा प्रश्न आहेच. सगळ्यात वाईट म्हणजे बेकरीतल्या लोकांना प्रवाशांच्या मजल्यांवर यायला बंदी आहे. सुधन्वाने परवानगीचा अर्ज दिला आहे, उत्तर नाही. उत्तर आलंच नाही तर काय करायचं, ते लिही.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
यतीन


कराड
संक्रांत, १४ जानेवारी २०२५

चि. यतीन यास,
अ. उ. आ.

तिळगूळ पाकिटात घातला आहे, पोस्टाने त्याचा भुगा केला असेल तर भुगा खा आणि गोड बोल.

तू मे महिन्यात इथे यायचास तेव्हा कृष्णेच्या घाटावर चपला हातात धरून कोरड्या पायरीवर उभा असायचास. आमची वृंदा तुला ओढून दमली, पण तू घोट्याच्या वर कधी भिजला नाहीस. तो मुलगा आता बाबागाडी घेऊन समुद्रात चालला आहे. मी हे शेजारच्या भाऊसाहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं की चाकं पाण्यात चालतात का.

आता विधी सांगते. मामाने मांडीवर घ्यायचं, पूर्वेला तोंड करायचं. जहाजावर पूर्व कुठे हे कप्तानाला माहीत असेल, नसेल तर तुम्ही उतरून घ्या. चमचाभर खीर पुरे. तिने थुंकली तरी झालं. डॉक्टर साखर नको म्हणतील, तर नको, मला चालतं. मांडी नाही मिळाली, पूर्व नाही मिळाली, तेही चालवून घेईन. हात मात्र मामाचा हवा. बापाने भरवलं तर ते नुसतं जेवण.

परवानगी नाही आली तर काय, असं विचारतोस. तरी जा. जहाज एकच आहे ना? दिल्ली आणि समुद्र यांच्यापेक्षा खालचा मजला आणि वरचा मजला जवळ. सुनेला म्हणावं, लोकरीची टोपी घे, समुद्रावर वारा कानात शिरतो.

लोभ मागू नकोस, तो न मागता मिळतो. पत्र तेवढं वेळेवर टाक.

तुझी
कौशल्याआत्या


मुंबईहून दिल्लीला जाताना, गाडीत
२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गाडी हलते आहे, अक्षर वेडंवाकडं येईल, क्षमा कर. जहाजावर अक्षर हललं नसतं. तिथपासूनच सांगतो.

मी जहाज पाहिलं आणि मला ते दिसलंच नाही. बंदरावरच्या हॉलमध्ये काचेतून समोर एक पांढरी इमारत दिसत होती, गॅलऱ्यांवर गॅलऱ्या, आमच्या सेक्टरमधले सगळे क्वार्टर एकावर एक रचल्यासारखी. मी तिथल्या मुलीला विचारलं की जहाज कधी लागणार. तिने त्या इमारतीकडे बोट केलं. आत्या, माझ्या हातातली बाबागाडी मी घट्ट धरली, जणू तीच मला धरून ठेवणार होती. एवढं लोखंड पाण्यावर कसं राहतं, हे शाळेत पुढे शिकवत असतील. मी पहाडगंजच्या शाळेतून दहावीलाच बाहेर पडलो. पण शिकलो असतो तरी त्या वेळी पटलं नसतं.

बाबागाडी दरवाजातून गेली, दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून. पण ती आत आल्यावर न्हाणीघराचं दार उघडेना. बाहेर बोळात ठेवायची परवानगी नाही. म्हणून ज्याला आत जायचं असेल त्याने आधी बाबागाडी पलंगावर चढवायची, असं ठरलं. जहाज कललं तर ती घरंगळेल म्हणून मी ती स्वरूपाच्या ओढणीने टेबलाच्या पायाला बांधली. खोली आवरायला येणारा चिराग हसला आणि म्हणाला की दिल्लीत बच्चागाड्या चोरीला जातात का. मी म्हटलं, जातात.

निघताना आम्ही वरच्या उघड्या मजल्यावर होतो. धक्का नाही, आवाज नाही. मला वाटलं अजून उभंच आहे, आणि पाहतो तर मुंबई चालू लागली होती. सगळे उंच टॉवर हळूहळू एका बाजूला सरकत गेले आणि मग काहीच उरलं नाही. समुद्राला पलीकडची बाजू नव्हती. मी चौफेर फिरून पाहिलं, कुठेच नव्हती. अनुष्का दिवसभर हातपाय झाडते, ती गाडीत अगदी गप्प, तोंड उघडं. माझंही उघडंच असावं, कारण वारा दाताला लागत होता. स्वरूपा मात्र समुद्राकडे बघत नव्हती. ती पायाखालच्या फळ्यांकडे बघत होती. सुधन्वा आमच्या कितीतरी मजले खाली होता.

संध्याकाळी खोलीतला फोन वाजला. सुधन्वा म्हणाला की परवानगी नाकारली. तो वर येऊ शकत नव्हता, आम्ही खाली जाऊ शकत नव्हतो. स्वरूपा त्याला म्हणाली की अच्छा, आवाज तर ऐकला. फोन ठेवून तिने बॅग उघडली आणि अनुष्काच्या झबल्यांच्या घड्या मोडायला लागली. इथवर मीच आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. या वेळी सुधन्वा भरभर बोलत होता. अकरा वाजता प्रवाशांना स्वयंपाकघर दाखवतात, त्यात नाव द्या, आणि रांगेत शेवटचे उभे राहा. त्या फेरीच्या शेवटी बेकरीची माणसं प्रत्येक पाहुण्याला काहीतरी चाखायला देतात. पाहुण्यांना भेटायची बंदी, पण खाऊ घालायची नोकरी! त्या दिवशी केकऐवजी तांदळाची खीर ठेवू का, असं त्याने मोठ्या शेफला विचारलं. ते लखनौचे आहेत, बिल्कुल म्हणाले.

बाबागाडी आत नेता येत नव्हती. मी ती झुलत्या दारापाशी ब्रेक लावून ठेवली. दाराला गोल काच होती, त्यातून ती दिसत होती. आणि आत गेलो तर, आत्या, काय लिहू. कणीक मळायचं भांडं एवढं की त्यात अनुष्काची आंघोळ नव्हे, माझी झाली असती. पावांचे रॅक माणसापेक्षा उंच, एकामागे एक. हजारो लोक वर नाचताहेत, पोहताहेत, आणि त्यांची सगळ्यांची भूक इथे आधीच कोणीतरी मोजून मळून ठेवली आहे. देवळात बोलतो तसं सगळे हळू बोलत होते. रांगेच्या टोकाला पांढरी टोपी घालून सुधन्वा उभा होता. तो किती बारीक झाला आहे! त्याच्या साहेबाच्या देखत त्याने स्वरूपाला गुड मॉर्निंग मॅडम म्हटलं. स्वरूपाने त्याला गुड मॉर्निंग सर म्हटलं. दोघंही हसली नाहीत.

अनुष्का स्वरूपाच्या कडेवर होती. सुधन्वाने बिनसाखरेच्या खिरीची वाटी वेगळी ठेवली होती, ती उचलली. तेवढ्यात जहाज पहिल्यांदाच कललं, सगळे रॅक खडखडले, आणि मी काचेतून बाबागाडीकडे पाहिलं. ब्रेक टिकला होता. वळलो तेव्हा चमचा अनुष्काच्या तोंडात होता.

आता माझी अडचण. तिथल्या नियमाप्रमाणे सुधन्वाच्या हातात रबरी हातमोजा होता. त्वचा कुठेच लागली नाही. तू लिहिलं होतंस की बाकी काही नसलं तरी हात मामाचा हवा. हातमोज्यातला हात मामाचा धरायचा की कंपनीचा? स्वरूपाला विचारायची हिंमत होत नाही. ती परवापासून गुणगुणते आहे आणि मला ते थांबवायचं नाही. पण झालं नसेल तर नवव्या महिन्यात पुन्हा करता येईल, म्हणून खरं काय ते कळव.

उत्तराची वाट बघतो. माया कमी करू नकोस.

तुझा
यतीन


कराड
११ फेब्रुवारी २०२५

चि. यतीन यास,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. एकदा जहाजासाठी, एकदा त्या मॅडम आणि सरसाठी, आणि तिसऱ्यांदा तुझ्या हातमोज्यासाठी चष्मा पुसून.

वृंदाचं उष्टावण होतं तेव्हा तुझा बाप, आमचा बळवंत, छापखान्यात होता. आदल्याच दिवशी त्याची बोटं यंत्रात चेपली. एसटीने आला तो उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी बांधून, आयोडीनचा वास येत होता. माझ्या सासूबाई म्हणाल्या की डाव्या हाताने चालणार नाही आणि हा हात काही हात नाही. बळवंताने पट्टीतून चमचा अडकवला आणि भरवलं. निम्मी खीर वृंदाच्या गळ्याखाली गेली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझ्याकडचं माणूस आलं होतं. वृंदा आता चाळिशी ओलांडून गेली, भरपूर खाते, भरपूर भांडते. तेव्हा पट्टीने काही अडलेलं नाही.

हातमोज्याचं उत्तर मी तुला देत नाही. तू बाप आहेस, तुला यातलं कळायचं कारण नाही. आणि मला एक सांग, उष्टावण झालं ते स्वरूपाच्या माहेरचं, मग पत्र तुझ्या अक्षरात का? तिच्या माहेरची बातमी मी सासरच्या माणसाकडून का ऐकायची? तिला कागद दे, पेन दे, आणि तू अनुष्काला घेऊन बागेत जा. डोकावू नकोस.

तिचं पत्र आलं की मगच तुझ्यावर लोभ.

तुझी
कौशल्याआत्या


आर. के. पुरम
१८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यांना,
स्वरूपाचा शि. सा. न.

यतीन अनुष्काला घेऊन खाली गेला आहे. जाताना तीनदा वळून बघितलं, पण गेला. मला मराठी लिहायची सवय ऑफिसात राहिली नाही, चुका पोटात घाला.

त्याने तुम्हाला लिहिलं की वळला तेव्हा चमचा तोंडात होता. ते खरं आहे. पण जहाज कललं तेव्हा तो काचेतून बाबागाडीकडे बघत होता, मी दादाकडे बघत होते. वाटी हिंदकळली आणि खीर दादाच्या मनगटावर सांडली, हातमोजा संपतो त्याच्या वर. तिथे पीठही होतं. ते पुसायला दादाने हात मागे घेण्याआधीच अनुष्काने दोन्ही मुठींनी त्याचा हात ओढून धरला आणि मनगट चाटलं. चांगलं जीभ फिरवून, मांजरीसारखं. पहिला घास तिने तिथूनच घेतला. चमचा नंतर.

दादा हलला नाही. त्याचे साहेब जवळच होते. त्याने मला फक्त विचारलं की मॅडम, बेबीला आवडलं का. मी म्हटलं, हो सर, खूप. त्याच्या ओठांना हसू येत होतं आणि तो ते येऊ देत नव्हता. लहानपणी आईसमोर खोटं बोलताना तो असाच उभा राहायचा.

यतीनला हे अजून सांगितलेलं नाही. तो काळजी करतो आहे हे मला दिसतं, आणि मी सांगेनही. पण सांगितलं की तो विचारणार, मनगट धुतलेलं होतं का. आणि आत्या, मला ते पीठ लागलेलं मनगट अजून थोडे दिवस तसंच ठेवायचं आहे.

लोभ माझ्या नावानेही असू द्या.

तुमची
स्वरूपा