विजयाच्या खोलीची किल्ली

भोकरदन, मंगळवार, दिवेलागणीनंतर

झाली बाई एकदाची परवान्याची तपासणी! औषधात भांगेची पानं घालायची, आम्ही वैद्य त्यांना विजया म्हणतो, तर ती ठेवायला वेगळी खोली, खोलीला कुलूप, दारावर पाटी. सगळं बराबर केल्तं मी. इन्स्पेक्टर साहेबांनी पाटी वाचली, कुलूप ओढून पाह्यलं आणि विचारलं, "किल्ली?"

मी सासूबाईंना हाक मारली. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. या घरातली प्रत्येक किल्ली तिथंच असते, मंग हीच वेगळी ठेवायची, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई!

सासूबाई जुडगा वाजवत आल्या. "साहेब, माझ्याकडून आजवर एक किल्ली हरवली न्हाई. बिलकुल फिकीर करू नका."

साहेब हसले, पण ऐकेनात. "आजी, परवाना तुमच्या सुनेच्या नावावर आहे. किल्लीबी त्यांच्याकडंच पायजे. नियम आहे."

मला वाटलं, आता रुसतील. त्यांनी जुडग्यातून ती एक किल्ली सोडवली, देवघरात रेणुकाईपुढं ठेवली, हळदीकुंकू लावलं आणि माझ्या हातावर दिली. "मागायची ना गं कधी. मी काय न्हाई म्हणले असते?"

खरंच, का न्हाई मागितली मी? अठरा वर्षं झाली या घरात येऊन. सरकारनं सांगायची वेळ यावी?

किल्ली आत्ता वहीवरच ठेवलीय. पानाला कुंकू लागलंय. लागू दे.

उद्या दागिन्यांच्या कपाटाचीबी मागून बघू का?