तीन माठ

आबा, तुमची पणती, माझी नात, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र हे तिन्ही एकत्र शिकायचं म्हणते. एकाच कोर्सात. मला तेव्हाच वास आला. तीन दुकानांचा माल कोणी एका पिशवीत घालून देतं, तेव्हा मी आधी पिशवीचा तळ बघते. गुजराती शेजारीण विचारते, "बेन, आमां नोकरी मळसे?" म्हणजे ह्यात नोकरी मिळेल का. मी म्हटलं, मला काय विचारता, मी चौथी पास.

तुम्ही कॉलेजात शिपाई होतात. ह्याच तीन विषयांच्या तीन खोल्या, तीन साहेब आणि दाराशी तीन माठ, कारण साहेबांचं आपसात पटत नव्हतं. मी वाडीतून तुमचा डबा घेऊन चालत यायची. त्या दिवशी मी पेले विसळले आणि अर्थशास्त्राचा पेला तत्त्वज्ञानाच्या माठावर ठेवला. तत्त्वज्ञानाचे साहेब बाहेर येतात, पेल्यावर रंगवलेलं नाव बघतात, आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणता, "शाळेत हेच शिकवतात? वाचता येत नाही?" येत होतं, आबा. पाणी एकाच नळाचं, मग हे सोंग कशाला, म्हणून मुद्दाम ठेवला होता.

पोरीला परवा स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, हे तीन एकत्र कशाला? तर म्हणते, "आजी, आपल्या सोसायटीत पाणी कधी सोडायचं ते कोणीतरी ठरवतं, कोणाला पुरतं, कोणाला नाही, आणि असंच का असावं, हे तिन्ही वेगळं वेगळं कसं शिकणार?" पाठ करून आली असणार. मी म्हटलं, "एवढ्यासाठी तीन वर्षं? नगरसेवकाच्या दारात जाऊन बस." झालं. फुगली. "नको मग. कॉमर्सच करते. खूश?" तिच्या बापाला तेवढंच हवं होतं. म्हणाला, "जाऊ दे आई, तीच नको म्हणते."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. पेल्याच्या त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जेवता जेवता विचारलं होतं, "पाचवीत नाव घालू ना?" मी गाल फुगवून म्हटलं, "नको." तुम्ही आईला म्हणालात, "तीच नको म्हणते." भात कालवलात. पुन्हा कोणी विचारलं नाही.

फॉर्मचा आज शेवटचा दिवस. सकाळी मीच तिच्या खोलीत गेले आणि पुन्हा विचारलं. ती मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "जायचंय." म्हटलं, "मग भर. मला ह्यातलं काही पटलेलं नाही, हे ध्यानात ठेव." बापासमोर पेन मीच धरलं. त्याने सही केली.

तुम्हाला लिहिलेला हा कागद पिठाच्या डब्याखाली जाईल, तुम्ही गेलात, दुसरीकडे कुठे पाठवणार? इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की तुम्ही मला शाळेतून काढलंत. तुम्ही विचारलं होतं, आबा. एकदाच, पण विचारलं होतं. पोरीला हे अजून सांगितलेलं नाही.