पाटाचं पेन आणि बसची टाकी

२ जुलै, बुधवार
पेनासाठी कापलेला पाटाचा पहिला तुकडा वाया. घाई माझीच. लाकडावर ओतायच्या रेझिनमध्ये हार्डनर घातला आणि ऑम्लेटला अंडं फेटल्यागत ढवळलं. फेसच फेस. सकाळी साचा उघडला तर आत सगळे बुडबुडे, तसेच गोठलेले. तरी लेथवर चढवला. हत्यार लागलं तसा एकेक बुडबुडा फुटून खड्डा. घावनासारखी जाळी. डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो, आणि एका पेनाच्या दांड्यानं नाक कापलं.

आईच्या पाटाचे धड तीनच तुकडे निघालेत. बाकीचा भुंग्यानं खाल्लेला, तो बंबात घातला. आता दोन राहिले.

३ जुलै
खड्डे बुजवून बघितले. त्याच तुकड्याचा भुसा दाबला, वर पातळ सुपरग्लू, मग पॉलिशपेपर. लाकडावर खपून गेलं. रेझिनवर पांढरे ठिपके, तोंडावर देवी आल्यागत.

आमची शांता म्हणते, "बरं दिसतंय की. हेच द्या लेकीला."
न्यायाधीशाच्या हातात हे?

लेक सुजाता २१ तारखेला न्यायाधीश म्हणून कोर्टात हजर होणार. आमच्यात कुणी नोकरीला लागलं की वही-पेन देतात, हारतुरे न्हाय. आई जन्मभर त्या पाटावर बसून विड्या वळली, पगाराच्या कागदावर अंगठा. तिची नात निकालावर सही करणार. ती सही ह्या पाटाच्या पेनानंच व्हायला पायजे. ठरलं म्हणजे ठरलं.

४ जुलै
सु.चा फोन. "आप्पा, दुकानातनं आणा की एखादं. कशाला जिवाला त्रास?" लई लागलं. फोन शां.कडं दिला.

७ जुलै
दुसराही गेला. ह्या वेळी सगळं नीट केलतं. बाटली गरम पाण्यात ठेवून रेझिन पातळ केलं, आईस्क्रीमच्या काडीनं सावकाश ढवळलं, वरनं बारीक धार धरून ओतलं. वर आलेले बुडबुडे हीटगनच्या झळेनं फोडले. काचेसारखं झालं. अर्ध्या तासानं बघतो तर भुंग्याच्या भोकातनं एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग रांगच. लाकूड ओलं, आणि भोकांत हवा. तंबाखूचा वास जाईना म्हणून गेल्या महिन्यात पाट मीच साबणानं खळखळून धुतला होता. शाणपण नडलं.

८ जुलै
शेवटचा तुकडा जुन्या पिंपात, आत साठचा बल्ब पेटता. किचनच्या काट्यावर ६१ ग्रॅम. वजन घटायचं थांबलं की वाळला.

१० जुलै
५६ ग्रॅम. नुसतं वाळवून भागणार न्हाय. भोकातली हवा कुठं जाणार? ती जात न्हाय, दाबावी लागते. रेझिन घट्ट होईस्तवर वरनं हवेचा दाब ठेवला की बुडबुडा इतका बारीक होतो की डोळ्याला दिसत न्हाय. त्याला तयार भांडं मिळतं. ते कशाला? माळ्यावर बसच्या एअरब्रेकची टाकी पडलीय, भंगारात घेतलेली. तिच्यात शंभर पौंडाच्या वर दाब असायचा. मला साठ पुरे.

बोरगावला वेल्डर बसाप्पाकडं गेलतो. त्यानं टाकीचं तोंड कापून कडं वेल्ड केलं, झाकणाला सहा बोल्ट. आत गंज. खरवडला तर नखाएवढी खपली निघाली. म्हटलं, चालंल का रे? "आगतैति बिडरी." कानडीत, म्हणजे होतंय, सोडा. सोडलं.

११ जुलै
टाकी मागच्या न्हाणीत ठेवली. शां. दारात उभी. "ही बसखाली असायची. तुम्ही घरात आणून ठेवताय."
"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"
"मला एवढंच कळतंय, पलीकडं गोदाक्काचा कट्टा हाय."

हाय खरा. न्हाणीच्या भिंतीला टेकून रोज सकाळी पाच-सहा बायका विड्या वळत बसतात. गोदाक्का आईच्या जोडीची, तेवढीच राहिली. डोळ्यानं दिसत न्हाय आता, बोटं चालतात. टाकी गच्चीवर न्यावी म्हटलं, तर वर पावसाची झड आणि कॉम्प्रेसरची वायर पोचत न्हाय. शां.ला म्हटलं, साठला काय होत न्हाय.

१३ जुलै
५४. काल पण ५४. वाळला.
रिकामी टाकी साठवर भरली. वेल्डवर साबणाचं पाणी लावलं. एका जागी मोहरीएवढे बुडबुडे, ओळीनं. बसाप्पाला फोन. परत तेच, आगतैति. बोल्ट आवळले. कॉम्प्रेसर जोडलेलाच ठेवायचा ठरवलं, गळंल तेवढं आपोआप भरंल.
शां.नं न्हाणीतली बादली उचलून पुढं नेली.

१५ जुलै, मंगळवार
दुपारी ओतलं. आधी लाकडावर रेझिनचा पातळ हात मारून भोकं बंद केलती. झाकण, सहा बोल्ट, दाब साठ. ह्या गारठ्यात उद्या संध्याकाळपर्यंत तरी हात लावायचा न्हाय.
न्हाणीजवळनं जाताना पाऊल आपोआप जपून पडतंय. भीती वाटतीय. शां.ला सांगितलं न्हाय.

१६ जुलै, सकाळी ९
दाबाचा काटा साठवर. वेल्डवर पुन्हा साबण. मोहरीचे बुडबुडे होते तिथं आता बोटभर फेस. एवढं गळतंय आणि काटा एक रेघ हलत न्हाय? डेपोत सवय होती, काट्याला टिचकी मारायची. मारली. साठवरनं उडून एकशे दहाच्या पुढं गेला. अडकलेला होता. साठला आपोआप बंद व्हायचा स्विचही चिकटलेला, रात्रभर कॉम्प्रेसर भरतच होता. कापून वेल्ड केलेली गंजकी टाकी, एवढं सोसणार न्हाय. बाहेर येऊन मेन स्विच पाडला.

शां. म्हणाली, "सोडा ती हवा."
रेझिन अजून मऊ. आत्ता हवा सोडली तर दबलेले बुडबुडे फुगणार, शेवटचा तुकडा संपला. आणि सोडायचा कॉक झाकणावर. टाकीवर वाकूनच सोडावा लागतो. म्हटलं, संध्याकाळपर्यंत कुणी आत जायचं न्हाय. न्हाणीला कुलूप घातलं.

१०.२०
बायका आल्या. भिंतीत साप दिसला म्हणून सांगितलं. साफ खोटं. बाकीच्या सुपं उचलून समोरच्या वळचणीला गेल्या. गोदाक्का उठेना.
"साप काय मला नवा हाय व्हय रं नाम्या? तिकडं ओली फरशी, माझं गुडघं धरत्यात. तुझ्या आईचा पाट हाय न्हवं घरात? त्यो आण बसाय, मग उठते."
"आणतो," म्हणून गेलो. तोंडातनं निघून गेलं.

१०.३५
शां.नं घरातला दुसरा पाट नेला. गोदाक्कानं हातानं चाचपला आणि परत दिला. "ह्यो न्हवं." भिंतीला पाठ लावून बसलीय, वळतीय. दंडाला धरून उठवायला गेलो तर चार शिव्या दिल्या, आईनंसुद्धा कधी दिल्या न्हाईत अशा.
खरं सांगावं तर पाट कुठाय ते सांगावं लागतंय. लाज वाटते.

१०.५०
तुकडा जाऊ दे. शां.ला पुढच्या दाराबाहेर उभी केलीय. तिला वाटतंय मी किल्ली शोधतोय. किल्ली हातातच हाय.
न्हाणीतनं मघापासनं बारीक शीळ ऐकू येतीय. पलीकडं गोदाक्का कुणाशी तरी बोलतीय. जातो आत, हवा सोडायला.