तीस वारांची पिन

टोइव्होला, मिशिगन
३ सप्टेंबर २००४

चि. आइलीस,
अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, डोळ्यावरची पट्टी निघाली. मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. त्या म्हणाल्या, लांबचं उत्तम दिसतंय, जवळच्यासाठी मात्र चष्मा वापरावा लागेल. जवळचं मला काय बघायचंय? जवळ तुझी आई असते, आणि ती न बघताही कळते.

गेल्या वर्षी हरणांचा हंगाम उघडला तेव्हा मी खिडकीत बसून कॉफी पीत होतो, हे तुला माहीत आहे. त्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं की पुढच्या वर्षीही असंच झालं तर धनुष्य विकून मोकळं व्हायचं. नुसतं खुंटीला टांगलेलं धनुष्य मला बघवत नाही. तेव्हा यंदा एक ऑक्टोबरला एकतर मी मचाणावर असेन, नाहीतर धनुष्य दुसऱ्याच्या घरी असेल.

डोळा नवा तर नेमही नव्याने बसवायला हवा. धनुष्यावरच्या नेमाच्या चौकटीतल्या तीन पिनांपैकी वीस वारांच्या हिरव्या पिनेपासून सुरुवात केली. वीस वारांवर बाण डावीकडे पडत होते, म्हणून पिनही डावीकडे सरकवली. बाण जिकडे जाईल तिकडे पिन न्यायची, हे तुला शिकवताना माझा घसा बसला होता. तू पिन उलटी सरकवलीस आणि बाण सौनाच्या भिंतीत घातलास. ते भोक अजून आहे, आणि बाष्पस्नानाला बसलं की बरोबर माझ्या पाठीला गार वारा लागतो.

अडचण एवढीच की तुझ्या आजोबांनी सौनामागे रोवलेल्या तीन खुंटांपैकी तीस वारांचा कुजून पडलाय. पावलं टाकून नवा रोवावा, तर माझी पावलं आता म्हाताऱ्याची झाली, त्यांच्यावर तीसची पिवळी पिन कशी बसवू? बघतो काहीतरी.

फोन करू नकोस. तू ओरडतेस, मी हो हो म्हणतो, आणि आई तिसरंच काहीतरी सांगते. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा

*

थंडर बे, ओंटारिओ
१० सप्टेंबर २००४

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि. पत्र मिळालं. शेवटची ओळ वाचलीत हे कळल्यावर मी बस डेपोत सगळ्यांना सांगत सुटले. एकाने विचारलं, कसली ओळ? आता त्याला काय सांगू.

माझ्याबरोबर बस चालवणारी मार्गो परवा तुमच्या बाजूला माहेरी जातेय. तिच्याबरोबर एक छोटी दुर्बीण पाठवते आहे. झाडावर धरायची, वरचं बटण दाबायचं, की अंतराचा आकडा आत उमटतो. इथल्याच दुकानातून घेतली, सेलही घालून दिलाय. आकडा चांगला ठळक आहे, चष्म्याची गरज नाही. खुंट कुजो नाहीतर उभा राहो, पावलं मोजायची भानगडच नको.

एक मात्र आठवण करून देते. मी सतरा वर्षांची असताना तुम्ही कागदी थाळी लावून सांगितलं होतंत, सकाळचा पहिला बाण ज्या अंतरावरून थाळीत बसेल, त्याच अंतरावरून जनावरावर सोडायचा. एकही बसत नसेल तर घरी बसायचं. आणि खरोखरच हंगामाच्या पहिल्या दिवशी मला आईबरोबर बटाटे सोलायला बसवलंत. मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तो नियम तुम्हालाही लागू आहे, बरं का. डॉक्टरबाईंची भिंत वेगळी आणि थाळी वेगळी.

आईला सांगा, वेलचीच्या पावाला इथली वेलची चालत नाही, थोडी धाडा. तुम्ही मचाणावर जावं असं मला फार वाटतं. मला तुमच्याशिवाय ते रान डोळ्यांसमोर आणताच येत नाही.

लोभ आहेच, तो सरोवराच्या दोन्ही तीरांनी जपावा.
आपली,
आइली

*

टोइव्होला
१९ सप्टेंबर २००४

चि. आइलीस,
आशीर्वाद. दुर्बीण पोचली. वस्तू चांगली आहे, तुझा काही दोष नाही. दोष आमच्या घराण्याचा.

वीस वारांच्या खुंटावर धरली, तर आकडा आला अठरा. चाळीसच्या खुंटावर धरली, तर छत्तीस. मी तीनतीनदा बघितलं. म्हणजे तुझ्या आजोबांनी खुंट मुळात जवळ रोवले होते, आणि इतकी वर्षं आम्ही सगळे जवळून बाण मारून शेजाऱ्यांपुढे मिशीला पीळ देत होतो. आजोबा तर माझ्या पावलांनाही हसायचे. लोक म्हणतात नाचता येईना अंगण वाकडं. इथे अंगणच वाकडं निघालं.

बरं, झालं ते झालं. यंत्र सांगेल तिथे वीस, तीस, चाळीसला नवे खुंट रोवले. आता बाण खाली पडायला लागले. हिरवी पिन जराशी, पिवळी बरीच खाली सरकवली. चाळीसची तांबडी तर चौकटीच्या तळाला टेकली, पुढे जागाच नाही. बाहू दुबळा झाला, दुसरं काय. तरी चिकाटी सोडली नाही. वीस-तीसला बाण थाळीत बसू लागले, तेव्हा काल गवताचं हरीण घेऊन रानात गेलो. मचाणाजवळचा भूर्ज तीस वारांवर आहे, हे मी डोळे मिटून सांगेन. त्याच्या बुंध्याशी हरीण उभं केलं, वर चढलो, पिवळी पिन लावली आणि बाण सोडला. तो पाठीवरून निघून गेला. दुसराही तसाच.

अंगणात खाली आणि रानात वर. एकाच हाताने, एकाच पिनेने. अशा नेम चुकण्याला औषध नाही, पोरी. जखमी जनावर रात्रभर रानात तडफडत ठेवण्यापेक्षा मी घरी बसलेलं बरं. शेजारचा वेस म्हणाला, बंदुकीसारखा घोडा दाबायचा असतो ते आडवं धनुष्य घे, त्याला दुर्बीण लावलेली असते, म्हातारे लोक तेच वापरतात. मी त्याला म्हटलं, तूच वापर. माझं धनुष्य त्याच्या मेहुण्याला हवंय. शनिवारी येऊन घेऊन जाईल.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. माणसाला कधीतरी थांबावं लागतं.
बाबा

ता. क. आइली, मी आई. हे लिहिताना ते दोनदा उठून खुंटीकडे बघून आले. ते झोपल्यावर मी धनुष्य तळघरात बटाट्यांच्या मागे दडवलंय. शनिवारी मेहुणा येऊन रिकाम्या हाताने जाईल. पण मी किती दिवस दडवणार? तुला काही सुचतंय का बघ. वेलची पाठवली आहे.

*

थंडर बे
२३ सप्टेंबर २००४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र बसमध्ये, शेवटच्या थांब्यावर वाचलं आणि कपाळाला हात लावला. लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, तोंडी सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, लिहूनच पाठव. म्हणून लिहिते. कृपा करून शेवटपर्यंत वाचा, आणि चष्मा लावून वाचा.

आजोबांचे खुंट बरोबर आहेत. तुमचा बाहूही बरोबर आहे. चूक माझी आहे. दुर्बीण मी इथे घेतली, आणि सीमेच्या या बाजूला सगळं मीटरमध्ये असतं. इतकी वर्षं इकडे राहून मी इतकी मीटरची झाले की तिकडे अजून वार चालतात हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आकड्याच्या शेजारी कोपऱ्यात एक बारीकसं अक्षर आहे. तुम्हाला आकडा दिसला, अक्षर दिसलं नसणार. जवळचं तुम्हाला बघायचं नव्हतं ना?

मीटर वारापेक्षा थोडा मोठा. वीस वार म्हणजे अठरा मीटर आणि वर थोडं. चाळीस वार म्हणजे छत्तीसच्या वर. तुम्ही लिहिलेले आकडे तंतोतंत तेच आहेत. तुम्ही नवे खुंट रोवलेत ते वारांच्या हिशेबाने लांब गेले, म्हणून बाण खाली पडले. तिथे पिवळी पिन खाली नेलीत, ती तीस वारांची न राहता तेहतीसची झाली. मग रानातल्या भूर्जावर, जो खरोखर तीस वारांवर आहे, तीच पिन लावलीत. बाण पाठीवरून जाईल नाहीतर काय होईल? बाबा, दोन्ही वेळा बाण अगदी जिथे जायला हवा तिथेच गेलाय. एवढा नेमका चुकणारा माणूस मी पाहिला नाही.

बटण दाबून धरलं की ते अक्षर बदलतं. हे काम आईकडून करून घ्या. पिना परत आजोबांच्या खुंटांवर बसवा.

मी तुम्हाला रानात जा असं म्हणत नाही. ते थाळी सांगेल. पण धनुष्य आहे तिथेच राहू द्या. मीच पाठवलेल्या वस्तूने तुमचा हंगाम हिरावला गेला, तर मला ते आयुष्यभर खात राहील.

राग असेल तर मोकळेपणाने लिहावा, लोभ असेल तर तोही.
आइली

*

टोइव्होला
३ ऑक्टोबर २००४

चि. आइलीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि मला काही पटलं नाही. मला वाटलं, पोर बापाचं मन राखायला गणितं मांडतेय. तेव्हा तुझी आई उठली आणि बैठकीतला पडदा काढून माझ्यापुढे टाकला. सहा वर्षांपूर्वी तुझ्याकडे आली असताना तिथल्या दुकानातून कापड घेऊन शिवला होता तो. तिने नुसतं तीन द्या म्हटलं होतं, तिच्या हिशेबाने वार. तेव्हापासून पडदा जमिनीवर लोळतोय, आणि ती सगळ्यांना सांगते की पलीकडचे दुकानदार फार दिलदार. तो टेपने मोजला, तर तीन वारांहून चांगला वीतभर जास्त भरला. पोरी, मी कान पकडले. वडिलांचीही माफी मागितली, सौनामागे जाऊन, मोठ्याने. वेसने ऐकलं असेल तर ऐको.

आईने बटाट्यांमागून धनुष्य काढून दिलं आणि यंत्राचं अक्षरही बदललं; तीसचा खुंट नव्याने मोजून रोवला आणि पिना जुन्या खुंटांवर आणल्या. मग थाळी लावली आणि रोज सकाळी अंग गरम व्हायच्या आत एक बाण. वीसला बसला, तीसला बसला. चाळीसला थाळीच्या बाहेर. दुसऱ्या दिवशीही बाहेर. तिथे मीटर-वारांचा काही संबंध नाही, तिथे मी बहात्तर वर्षांचा आहे. तेव्हा तांबडी पिन काढून टाकली. काढताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण उलट चौकट मोकळी दिसायला लागली.

परवा मचाणावर गेलो. उजाडल्यावर एक मोठा नर आला आणि वीज पडलेल्या मेपलखाली उभा राहिला. ते झाड चाळीसवर. असली शिंगं मी दहा वर्षांत पाहिली नव्हती. तो तिथे उभा राहून चरत होता आणि मी त्याला बघत बसलो. त्याला कुठलीच घाई नव्हती, मलाही नव्हती. चरून तो निघून गेला. ऊन वर आल्यावर एक मादी भूर्जाशी आली, आडवी उभी राहिली. पिवळी पिन लावली. ओढ्यापर्यंतसुद्धा गेली नाही बिचारी.

तुझा वाटा शीतपेटीत ठेवलाय. नोव्हेंबरात ये. तुझं धनुष्य घेऊन ये, आणि थाळीचीही तयारी ठेव. तू सतरा वर्षांची होतीस तेव्हाच्या नियमात अजून काही सूट दिलेली नाही.

तुला आठवण असावी, आम्हाला आहेच.
बाबा

ता. क. आइली, मी आई. ते काय लिहितात ते मी वाचलं. एक गोष्ट लिहिली नाही, ती मी लिहिते. त्या दिवशी ते दुपारी आले, बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात. मी चुलीवर कांदा परतत होते. मला वाटलं, आता हरीण मिळाल्याचं सांगतील. तर दारात उभे राहिले आणि नेहमीसारखं मोठ्याने मला नावाने हाक मारून म्हणाले, "हिल्या, झाडावरचं पानन् पान वेगळं दिसत होतं."

कांदा करपला. तू लवकर ये.