निळ्या रेघेच्या आतलं गाव

१२ जानेवारी १९७६, कळमनुरी
धरणाच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले त्याला महिना झाला. आज साहेबांनी निजामाच्या वेळचा नकाशा दिला. पैनगंगेचं खोरं, कापडावर चिकटवलेलं. ट्रेसिंग पेपरवर उतरवायचंय. डोंगर, ओढे... आणि आमचं गाव! काळे ठिपके म्हणजे घरं. गावापासून हटून, ओढ्याकडं थोडे ठिपके. ती आमची वस्ती. त्यातलाच एक आज्याचा असणार. डबा तसाच राहिला.

१८ जाने.
घरी. बाला सांगितलं. "आपलीबी घरं काढली व्हय निजामानं?" शेळ्या सोडायच्या विसरला.

२१ जाने.
बा-माय ऑफिसात. साहेबांनी खुर्च्या दिल्या, बा उभाच. नदीवरून बोट फिरवत राहिला. मायला तिचं माहेर दाखवलं. तिनं वीत लावून पाहिली.
"एवढुशी वाट! अन् दरसाली 'लई लांब हाय' म्हणून मला काहून घरीच ठिवता?"
साहेब हसले. बा लाजला.

२ फेब्रु.
पाणी कुठवर चढणार त्याचे आकडे आले. ती रेघ निळ्या शाईनं मी काढायची. गाव आत, वस्ती आत. मायचं माहेर वर, कोरडं. पेन धुतलं, पुसलं, परत धुतलं. नाही काढली.

८ फेब्रु.
घरी सांगितलं. माय चुलीपाशी बसून राहिली. बानं विचारलं,
"रेघ तूच काढणार?"
"हो."
"मंग चांगली काढ. आपलं घर परक्याच्या हातानं कशाला बुडवायचं?"
मग तिघं एकाच ताटात जेवलो, मी लहान असताना जेवायचो तसं.

१० फेब्रु.
काढली. आतली घरंही उतरवली. वस्तीचे ठिपके गावच्या ठिपक्यांएवढेच ठसठशीत.

२७ फेब्रु.
नवं गाव वरच्या माळावर बसवणार. बानं विचारलं, "तिथं आपली घरं गावात, का पुन्यांदा बाजूला?" साहेबांना विचारलं. म्हणाले, ते गावानं मिळून ठरवायचं.
उद्या चावडीवर बैठक. तिथं बा आजवर कधी बोललेला नाही. "उद्या इचारतो म्या," म्हणाला. "म्याबी येते," माय.
मी रजा टाकलीय.