इनासचा भात

११ फेब्रु. १९८४
डॉ. येऊन गेले. इनासच्या पाठीवरची जखम वाढलीय. म्हणाले, "वजन उतरवा. इतका भार, त्यात तुमच्या एकटीच्याने त्याची कूस बदलवत नाही, मग जखम भरणार कशी?"
मी म्हटलं, खातो कितीसा? सकाळी पेज, दोन वेळा भात.
म्हणाले, निजलेल्या माणसाचंही शरीर आत जळत असतं. माडावरून पडला तेव्हा कण्यातल्या नसा तुटल्या. आता कमरेखाली निरोप पोचत नाही. मांस झिजतं, जळणं घटतं, खाल्लेलं उरेल त्याची चरबी. भात निम्मा करा.
आमची आई म्हणायची, "माझ्या धाकट्याच्या पोटात भट्टी आसा." तारकर्लीच्या खाडीत पोहून आला की टोप पुसून खायचा. ती भट्टी आता मी विझवायची.

२ मार्च
डॉ.ना वजनाचा आकडा हवा. एवढा काटा फक्त खोबऱ्याच्या वखारीत. शेजारच्या बाबल्याने आणि त्याच्या भावाने इनासला खुर्चीसकट उचलून नेलं. वखारवाला: "इनासा, खोबऱ्याचो भाव लावलो तर तुझी बाय बंगलो बांधतली!" सगळ्यांत मोठ्याने इनासच हसला.
खुर्ची वजा जाता ७८ किलो. घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड.

१८ मार्च, रवि.
मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कानावर आलं, "लोकांच्या पोरांक शिकवल्यान, भावाक अर्धपोटी ठेवता." मागे वळले नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, राग गिळावा. जन्मभर गिळतेय. त्याचीही चरबीच होत असेल.
ईस्टरआधीचे उपास चालू आहेत. दुपारी इनासपुढे ताट ठेवलं. "तुमचो उपास चाळीस दिसांचो. माझो?"
ताट तसंच परत.

२७ मार्च
कूस बदलताना हातून सुटला. खाली पडला. बाबल्या होडीवर गेलेला. तासभर तो जमिनीवर, मी शेजारी. माझी कंबर धरलेली बघून म्हणाला, "मी हलको होतंय गो बाय. वायच थांब."
हे लिहवत नाही.
गोव्याच्या अपंगांच्या आश्रमातल्या सिस्टरांना पत्र टाकलं. त्याला सांगितलं नाही.

९ एप्रिल
उत्तर आलं. आश्रमात एक खाट रिकामी आहे, उचलायला माणसं आहेत. आठवड्यात कळवा.
दुपारी त्याला ताट भरून वाढलं. पहिल्यासारखा भात, वर सरंग्याची कढी. दोन घास घेतले, मग ताटाकडे बघत राहिला.
"खंय धाडतस गो माका?"
मी त्याच्या सरंग्याचे काटे काढत राहिले. सगळे निघाले तरी.