बिनतारेची लाइन

वडसा,
१९ डिसेंबर

प्रिय दिव्यानी,

पत्र बघून चकित होशील. ज्या माणसाने तीस वर्षं जंगलातून टेलिफोनच्या तारा ओढल्या, त्याला स्वतःच्या पोरीशी बोलायला पोस्टाचं पाकीट लागावं! पण त्या रविवारपासून आज एकोणीस दिवस झाले, तू फोन करत नाहीस आणि माझा उचलत नाहीस. मोबाईलवर लिहून बघितलं, चार शब्द लिहायचे आणि पुसायचे, असं रोज झालं. तू माझ्यावर रागावली आहेस आणि तुझा राग रास्त आहे. तो जावा म्हणून लिहितोय. पाकीट भिरकावण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगतो. धान निघालं, समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. फायबरचा नवा राउटरही तिथेच, पोत्यांच्या पलीकडे भिंतीवर बसलाय. तुझा कॉलेजातला कंप्युटर मात्र मागच्या खोलीत. तो जुन्या वळणाचा, वायर जोडल्याशिवाय त्याला इंटरनेट मिळत नाही. मोबाईलवर तुझा चेहरा बोराएवढा दिसतो, तो मला मोठा बघायचा होता. माळ्यावरून वायर ओढली असती तर तासाभराचं काम, पण आईच्या तेरवीला तू शपथ घातली होतीस की बाबा, पुन्हा शिडीला पाय लावायचा नाही. ती मी अजून मोडलेली नाही, हे माझ्या खात्यात जमा कर.

तोड काढली लटारूने. खांबावर मी चढायचो तेव्हा खाली शिडी धरणारा तोच. म्हणाला, "हेमराजभाऊ, तो जुना राउटर काऊन बांधून ठेवला? तोच कंपुटरले लाव ना. हवेतून घेते अन् वायरनं देते." राइस मिलच्या ऑफिसात त्याने तसं बघितलं होतं. जुना राउटर म्हणजे लॉकडाऊनमध्ये तू शिकवणीच्या पैशातून घेतलेला. आईने तो तुझ्या शाळेच्या दाखल्यांबरोबर पेटीत ठेवला होता. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरली, तसा तो जुनं सगळं विसरला. मग त्याला नव्याचं नाव आणि पासवर्ड सांगितला. इथवर सगळं नीट झालं.

पण लाइनमनची खोड जाते थोडीच! लाइनचं भोक म्हणजे वेगळ्या रंगाचं, निळं, असं समजून मी कंप्युटरची वायर निळ्यात खुपसली आणि दोन दिवस बिघाड शोधत बसलो. वायर तपासली, टोकं बदलली, टेलिफोन खात्याला शिव्या घातल्या. लटारू चहा पीत बघत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, लाइन तं हवेतून येऊन राह्यली. निळ्याचं काय काम?" पिवळ्यात घातली तर सुरू, आणि थोड्या वेळाने सगळंच बंद, मोबाईलसुद्धा. दोन्ही राउटर घरातल्या यंत्रांना आपापले नंबर वाटत होते. एका घरात दोन कारभारी, चालणार कसं? जुन्याला सांगावं लागलं, बाबा रे, आता तू कारभार बघू नकोस, मिळेल तेवढं घे आणि पुढे दे. त्याने ऐकलं. लगेचच्या रविवारी तुझा चेहरा परातीएवढा समोर आला, तेव्हा मी आईच्या फोटोकडे बघून हसलो. पुढचे दोन रविवारही छान गेले.

आणि मग तो रविवार. तू बराच वेळ बोललीस. तुझे ओठ थरथरत होते, डोळे चमकत होते. मी मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "वा! चांगलं झालं. आता पेढे वाट!" तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि पडदा काळा झाला. मला वाटलं लाइन गेली. मी मूर्खासारखा वायर हलवून बघत होतो. संध्याकाळी जावईबापूंचा, निकेशरावांचा, मेसेज आला. बाळ राहिलं नाही, तिसरा महिना होता, कुणालाच सांगितलं नव्हतं, ती सगळ्यात आधी तुम्हाला सांगत होती.

पोरी, मला ऐकू येत नाही. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला, उजवा गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून. तुझ्या प्रत्येक फोनला 'नेटवर्क नाही' म्हणायचो ते खोटं होतं. नेटवर्क चांगलं होतं. मागच्या हिवाळ्यात नाटकाला गेलो तेव्हा लोक हसले की मी हसायचो, लोकांनी डोळे पुसले की मी पुसायचो. घरात एकट्याने कुणाकडे बघायचं? म्हणून तुझा चेहरा मोठा हवा होता, ओठ वाचता यावेत म्हणून. 'जेवलात का', 'गोळ्या घेतल्या का' एवढं जमायचं, कारण ते तू दर रविवारी विचारतेस. लटारूचं कळतं, कारण खांबावरून त्याचे ओठ आणि हातवारे वाचायची जुनी सवय आहे. त्या दिवशीचे शब्द नवे होते. मी दिवाळीपासून गोड बातमीची वाट बघत होतो, म्हणून मला तीच दिसली. टेलिफोनवाला हेमराज बहिरा झाला, असं लोक म्हणतील याची लाज वाटली आणि त्या लाजेपायी मी तुझ्या दुःखाला हसलो. आई असती तर तिने ऐकलं असतं. ती नाही, म्हणून तू माझ्याकडे आलीस.

सोमवारी लटारूसोबत नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे जातोय. पण यंत्र येईपर्यंत थांबू नकोस. त्या दिवशी जे सांगत होतीस ते पहिल्यापासून सांग, बाळाचं काही नाव मनात धरलं होतंस तर तेही. फोनवर नको. कागदावर लिही, कितीही लांब होऊ दे. या वेळी एक शब्दही सुटणार नाही.

तुझाच,
बाबा